जाळीतली वाकडी रेघ

रेघ पुन्हा वाकली.

च्वांगने खुर्ची पुढे ओढली आणि स्क्रीनला नाक लागेल इतका जवळ गेला. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या रेघांची जाळी होती, गणिताच्या वहीतल्या चौकटींसारखी. मधोमध त्या रेघा पाण्यात बुडवलेल्या काठीसारख्या मोडल्या होत्या. त्याने नजर कोपऱ्यात नेली, तर मोड त्याच्या आधीच तिथे जाऊन बसलेली. असला भटका दोष त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मशीन सू-यिनचं होतं. ती इमारतींची चित्रं काढी. बांधून झाल्यावर इमारत कशी दिसेल ते आधीच स्क्रीनवर उभं करून दाखवी. ऑफिसने नोकरीवरून काढून घरी बसवल्यावर स्वतःच्या नावावरचं पहिलं काम तिला मिळालं होतं, तैनानजवळच्या एका गावातलं वाचनालय. जुनं ग्राफिक्स कार्ड त्या कामाला धापा टाकू लागलं. तिने नवं आणून स्वतःच बसवलं, आणि स्क्रीन काळी पडली ती पडलीच. तेव्हा मशीन उराशी धरून ती तैपेईच्या कॉम्प्युटर बाजारामागच्या गल्लीत च्वांगकडे आली. गल्लीत सगळे त्याला शिफू, म्हणजे उस्ताद, म्हणत, त्याच्या हाताखाली एकही शिष्य उरला नसला तरी.

तो पहिला दोष चुटकीसरशी निघाला होता. कार्डाला वीज देणारा प्लग अर्धवट बसला होता. च्वांगने अंगठ्याने दाबला, खट् झालं, स्क्रीन उजळली. सू-यिनला त्याने संध्याकाळी यायला सांगितलं. तपासल्याशिवाय मशीन दाराबाहेर सोडायचं नाही, हा त्याचा नेम. ती गेल्यावर त्याने स्क्रीन तपासायची जाळी लावली, आणि रेघ वाकली.

दोष शोधायचा तर एका वेळी एकच भाग बदलायचा, हे तो ग्राफिक्स कार्डांच्या कारखान्यात शिकला होता. त्याने केबल बदलली. मग कार्ड बदललं. मग पॉवर सप्लाय, मेमरी, मॉनिटर. शेवटी मदरबोर्डही बदलला. पेटीचा पत्रा सोडला तर सू-यिनचं असं त्यात काही राहिलं नाही. रेघ वाकडी ती वाकडीच.

समोर केबल विकणारी काओताई मजा बघत होती. मशीनने गुणाने वागावं म्हणून तैवानात त्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवतात. च्वांगच्या पाकिटाची मुदत कधीच संपली आहे, मग मशीन का ऐकेल, असं ती म्हणाली. च्वांगने कुणाचं लक्ष नाही असं पाहून नवं पाकीट ठेवलं. काओताईने जाता जाता जाळीकडेही पाहिलं आणि मला तर बाई सगळं सरळ दिसतंय, असं सांगितलं.

"तुझे डोळे वायरी मोजायचे," च्वांग म्हणाला. "त्यांना काय दिसणार?"

सू-यिन रोज येत होती. आधी हसून विचारी, मग नुसतीच दाराशी उभी राही. आहे तसं द्या, मी चालवून घेईन, अशी तिने विनवणी केली. च्वांग हटला नाही. वाचनालयाची भिंत वाकडी निघाली तर तुझं नाव जाईल आणि तुझ्यामागे माझं, असं त्याने तिला बजावलं. काम वेळेत पोचलं नाही तर नावच होणार नाही, असं ती म्हणाली.  त्याने पुन्हा स्क्रू सोडायला घेतले.

आज ती आली ती दाराशी थांबली नाही. आत येऊन स्टुलावर बसली. गावाने काल ते काम दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. आता दुरुस्ती नको, मशीन तेवढं परत द्या, विकून टाकते, असं तिने शांतपणे सांगितलं.

च्वांग खजील झाला. निदान हे पोरीला पटावं की आपण उगाच वेळ काढला नाही, म्हणून त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. सू-यिनने पाहिलं. रेघा सरळ आहेत, ती म्हणाली.

"अगं लांबून नाही कळत. असं बघ." तो वाकला आणि जाळीला नाक लावून बसला.

सू-यिनने जाळीकडे पाहिलं नाही. ती त्याच्याकडे पाहत होती.

"शिफू, तुम्ही डावा डोळा का मिटता?"

त्याला ते ठाऊकच नव्हतं. कारखान्यात अर्धं आयुष्य भिंगातून कार्डांवरचे बारीक जोड तपासण्यात गेलं होतं. बारीक पाहायचं म्हटलं की डावा डोळा आपोआप मिटे.

"तो उघडा," ती म्हणाली. "आणि उजवा मिटा."

च्वांगने तसं केलं. जाळी सरळ झाली. एकूण एक रेघ, वरपासून खालपर्यंत, ताणलेल्या दोरीसारखी. त्याने डोळे आलटूनपालटून मिटले, एका वेळी एकच. मग त्याने हात मांडीवर ठेवले. पंखा फिरत होता. समोर काओताई कुणाशी तरी भाव करत होती.

"म्हणजे मशीन पहिल्याच दिवशी नीट झालं होतं," सू-यिन म्हणाली.

च्वांगने डावा डोळा मिटून तिच्याकडे पाहिलं. केस दिसत होते, हनुवटी दिसत होती; पण मधला चेहरा जाळीसारखाच मोडला होता, आणि ती रागावली होती की रडत होती, ते त्याला कळेना.