गप्प हात

तपासणीच्या टेबलावर कोल्बी उताणा पडला होता आणि डॉक्टर मार्लिसची बोटे त्याच्या मानेखाली स्थिर होती. खिडकीबाहेर आयोवाचा फेब्रुवारी गोठून उभा होता. भिंतीशी कोल्बीचा बाप रॉयस, बुटांवरचा बर्फ फरशीवर वितळू देत.

"झालं का, डॉक्टर?" तो शेवटी म्हणाला. "एक्स-रेत हाड शाबूत आहे. गुरुवारी राज्याच्या कुस्त्या. दे ना एकदा मान कडकन वाजवून."

"थांब जरा."

"आपला जुना डॉक्टर एमेट आज इथे असता तर एव्हाना पोरगं मॅटवर असतं. म्हातारा फार बोलायचा नाही, पण हात काय होता!"

"हो. बोलायचा नाही," मार्लिस म्हणाली.

एमेटचा फोटो समोरच्या भिंतीवर होता. तो तिनेच लावलेला. हातांनी दुखणे ओळखायला शिकवणारी ऑस्टिओपॅथी तिने निवडली ती एमेटमुळे, हे गावात सर्वांना ठाऊक होते. ही गोष्ट गावाला फार आवडे. गावही तिचेच होते. शनिवारी ती शाळेच्या कुस्त्यांना मॅटशेजारी फुकट बसे, रविवारी चर्चमध्ये रॉयसच्याच रांगेत उभी राहून गाई. नाताळचे जेवण त्याच्या घरी होई.

"ए, ऊठ. नाटकं पुरे." रॉयस एक पाऊल पुढे आला.

तिच्या बोटांखाली कोल्बीची मान दगड झाली. जणू कुणी आतून कडी घातली. रॉयस थांबला, तेव्हा एकेक स्नायू चाचपडत सैलावला.

ही कडी तिच्या ओळखीची होती. ती अकरा वर्षांची असताना याच टेबलावर तिच्या मानेखाली एमेटची बोटे होती आणि भिंतीशी तिचा बाप. ती बोटे थबकली होती. त्यांना सारे कळले होते. मग म्हाताऱ्याने हात पुसले, "काही नाही, पोर जरा अवघडलीय," म्हणाला, आणि तिला बापाबरोबर घरी पाठवले.

फोटो तिने लावला होता तो संताप शिळा होऊ नये म्हणून.

"रॉयस," हात न काढता ती म्हणाली, "तू बोललास की याची मान आवळते. गप्प बसलास की सुटते. हा गुरुवारी खेळणार नाही. आज तुझ्याबरोबर घरीही येणार नाही. मी बालसंरक्षणवाल्यांना कळवतेय."

"डोकं फिरलंय तुझं! रविवारी कुठल्या तोंडानं येशील चर्चमध्ये?"

"याच. तू एवढंच सांग. घरी याला काय करतोस?"

रॉयसने आधारासाठी भिंतीवरच्या म्हाताऱ्याकडे पाहिले. म्हातारा याही वेळी काही बोलला नाही. रॉयसने टोपी उचलली आणि तो एकटाच बर्फात चालू लागला.