तिसऱ्या टाचणीवरचा पतंग

भरदुपारी संग्रहालयातला पतंगांचा खण उघडला आणि कीटकांचा विभाग सांभाळणाऱ्या बाईंचा हात तिथल्या तिथे थांबला. काचेखाली सगळे पतंग पंख पसरून होते. तिसऱ्याचे पंख मात्र मिटून उभे राहिले होते.

तो बाईंच्या नवऱ्याने पकडलेला. ते इथेच कपाटं पुसायच्या कामाला होते. "पतंग पंख पसरून बसतो आणि फुलपाखरू मिटून, असं तूच सांगतेस ना?" ते म्हणाले होते. "हे मिटून बसलेलं मी पाहिलंय. फुलपाखरूच आहे."

त्या किड्याच्या डोक्यावरच्या मिशा तुटलेल्या, त्यामुळे ओळखायला दुसरी खूण नव्हती. बाई पाहुण्यांदेखत फाडकन बोलल्या, "यांना काय कळतंय! जन्मभर नुसत्या काचा पुसल्यात यांनी."

सगळे हसले. तेही हसले. "बरं, तुझंच खरं," म्हणत त्यांनी स्वतःच त्याचे पंख पसरून पतंगांच्या रांगेत टाचणी मारली. त्यानंतर कधी काही पकडून आणलं नाही.

त्याला अकरा वर्षं झाली, आणि ते जाऊन महिना. वाळलेला पंख जरा धक्का लागला तरी मोडतो. हा कुठेही मोडला नव्हता, आणि खणाची किल्ली एकट्या बाईंच्या कमरेला होती.

त्या काचेवर वाकल्या.

"अहो, चुकलं माझं," त्या पुटपुटल्या. "फुलपाखरूच आहे. तुमचंच खरं."

काचेखालचे ते पंख हळूहळू उघडले आणि वाद न घालता, पतंगासारखे सपाट पसरले.