वाण
संज्योतच्या कवितांचं पुस्तक छापून आलं, तसं सासूबाईंनी ते वाचलं आणि ‘घराची अब्रू वेशीवर टांगलीस’ म्हणत प्रतींचा अख्खा गठ्ठा रद्दीत घातला. लालबागच्या रद्दीवाल्याकडून संज्योतने तो गठ्ठा परत आणला आणि संक्रांतीची वाट बघत बसली. हळदीकुंकवाला सासूबाईंनी झाडून सगळी चाळ बोलावली होती. वाण आणायचं काम सुनेचं. तिने प्रत्येकीच्या हातात पुस्तक ठेवलं. वाण कुणी परत करत नाही. परबकाकूंनी सहज पान उघडून मोठ्याने वाचलं, ‘मुलगी म्हणून पाडायला लावली, पण छातीला कोण सांगणार? पान्हा फुटला. सासू म्हणाली, घट्ट फडकं बांध.’ काकू अडखळल्या. ‘वाचा की, अजून आहे,’ संज्योत म्हणाली. सगळ्या माना सासूबाईंकडे वळल्या. संज्योतने त्यांच्या तळव्यावर तिळगूळ ठेवला. ‘घ्या आई, आता गोड बोला.’