केसरबाईचा डावा हात

भाकरी परातीत गरकन फिरली, बघता बघता पातळ झाली, आणि केसरबाईचा हात जागीच थबकला. डावा हात. उजवा प्लास्टरमध्ये, गळ्यातल्या झोळीत पडून होता.

तिनं भाकरी तव्यावर टाकली, तीही डाव्यानंच. कुठं काठ फाटला नाही. पाणी फिरवलं, उलथन्यानं उलटली, चुलीतल्या आरावर शेकली. भाकरी टम्म फुगली. साठ वर्षांत केसरबाईच्या हातून अशी भाकरी कधी उतरली नव्हती. "हिच्या भाकरीला चार कोपरे असत्यात," असं तिचा नवरा जिता असताना चारचौघांत म्हणायचा आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. हसणार नाही तर काय करणार? कोपरे तर असायचेच.

आठ दिवसांपूर्वी गोठ्यात शेणावरून पाय घसरला आणि तिचं उजवं मनगट मोडलं. सून वर्षाराणी बाळंतपणासाठी तेलगावला माहेरी गेलेली. घरात मुलगा जीवन, पाच वर्षांची नात धनश्री आणि ही एकहाती म्हातारी. पहिले दोन दिवस नुसती फजिती झाली. लुगड्याच्या निऱ्या दातात धरायच्या, मिशरीची डबी गुडघ्यांत दाबून उघडायची, वेणीसाठी शेजारच्या मंगलची वाट बघत बसायचं. भाकऱ्याही मंगलच थापून द्यायची. आज ती नेकनूरच्या बाजाराला गेली. पोरीला भूक लागली, म्हणून केसरबाई परात पायाच्या अंगठ्यानं अडवून चुलीपुढं बसली.

डाव्या हाताचा तिला कधीच भरवसा नव्हता. लहानपणी तो मोडला होता. वर्षभर फडक्यानं पोटाशी बांधून ठेवला होता, हे तिला लख्ख आठवत होतं. "मोडका हात हाय तुजा, त्याला कामाला लावू नगं," आई सांगायची. केसरबाईनं तो हात पाहुण्यासारखा जपला. बीडच्या डॉक्टरलाही तिनं तेच सांगितलं. त्यानं दोन्ही मनगटांचे फोटो काढले आणि उजेडाला धरून पाहिले.

"आजी, डाव्याला काहीच झालेलं नाही. मोडल्याची खूणसुद्धा नाही."

"तुमाला काय म्हाईत? तुमी तवा जल्मला तरी हुता का?" असं म्हणून तिनं डॉक्टरलाच गप्प बसवलं होतं.

"आजे, दे की," धनश्रीनं ताटली पुढं केली. केसरबाईनं उलथन्यानंच भाकरी वाढली. पोरीनं डाव्या हातानं तुकडा मोडला, डाव्या हातानंच कालवणात बुडवला.

हा हात केसरबाईच्या डोळ्यांत कायम खुपायचा. डाव्या हातानं जेवणारी पोर उद्या सासरी काय उजेड पाडणार? "शाळेत घालायच्या आधी एक चटका दिला की खोड मोडती," ती दिवाळीतच म्हणाली होती. वर्षाराणी पांढरी पडली होती. माहेरी निघताना तिनं नवऱ्याला दोनदा बजावलं होतं, पोरीला एकटी सोडू नका.

जीवनही लहानपणी डावराच होता. केसरबाईनंच त्याची खोड मोडली. तापल्या उलथन्यानं, एकदाच. पुन्हा त्यानं डावा हात म्हणून ताटाकडं नेला नाही. आजही कुणी बाई आपलं डावरं लेकरू घेऊन सल्ला विचारायला आली, की केसरबाई हे मोठ्या तोऱ्यात सांगायची.

धनश्रीनं दुसरा तुकडा मोडला. केसरबाईनं तिच्या हाताकडं पाहिलं. मग उलथनं धरलेल्या स्वतःच्या हाताकडं पाहिलं. हात नवशिका वाटतच नव्हता.

तिनं ते फडकं आठवून पाहिलं. हात दुखल्याचं काही आठवेना. सुजल्याचं, रडल्याचं, कुणी वैदू आल्याचंही आठवेना. जेवायला बसलं की आई गाठ घट्ट करायची, ते मात्र आठवलं. आणि झोपताना ती गाठ सोडायची. मोडलेला हात कुणी झोपताना सोडतं का?

हात मोडलाच नव्हता. डॉक्टर खरं बोलला होता आणि आई खोटं. ही गाठ तिला आज, साठाव्या वर्षी, चुलीपुढं सुटत होती. हे कुणाला तरी आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर जीव जाईल असं तिला वाटलं.

"जीवन! ए जीवन! आरं पळत ये, हे बघ!"

जीवन गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होता. आईचा असा आवाज त्यानं आठ दिवसांपूर्वी, ती पडली तेव्हाच ऐकला होता. तो धावतच दारात आला आणि थिजला. पोरीचा डावा हात ताटात होता. समोर आई होती, तिच्या हातात तव्यावरचं तापलेलं उलथनं होतं.

"न्हाई आये! तिला न्हाई!" तो ओरडला आणि एका ढांगेत पोरीला उचलून भिंतीशी सरकला.

"आरं, तसं न्हाई. माजा हात बघ. ह्यो हात..." केसरबाईनं त्याला दाखवायला हात पुढं केला. उलथनं अजून त्याच हातात होतं, हे तिच्या ध्यानातच नव्हतं.

जीवननं डोळे गच्च मिटले. पस्तीस वर्षांचा बाप्या, पण तो लहान पोरासारखा अंग चोरून उभा होता. लेकीला त्यानं उजव्या हातानं छातीशी धरलं होतं.

डावा हात त्यानं पाठीमागं लपवला होता.