पात्यावरची लाट

जितेंद्रने पोलादाचे तुकडे भट्टीत एकमेकांना जोडून सुरी घडवली. नक्षी उठावी म्हणून ॲसिडमध्ये बुडवून काढल्यावर पात्यावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उमटली आणि मधोमध केसाएवढी रेघ. तिथला जोड बसला नव्हता. पण एवढ्या मेहनतीचं पातं फेकवेना. मालवणच्या बाजारात मासे कापणाऱ्या विमलाकाकीने सुरी विकत घेताना रेघेवर बोट ठेवलं, तेव्हा तो म्हणाला, "ती लाट आसा, काकी."

पंधरवड्याने काकी हाताला पट्टी बांधून आली. "सुरी मोडली रे. तुझी चूक नाय. मीच सुरमयेच्या काट्यार जोर केलंय."

त्याने दोन्ही तुकडे पाहिले. पातं त्या रेघेवरच तुटलं होतं.

"दुसरी करून दी," काकी म्हणाली. "लाट मात्र तशीच काढ. माका तीच आवडली होती."