कोंडलेला कुलूपवाला

बाहेरून किल्ली दोनदा फिरली आणि कुलूपवाला आत कोंडला गेला. कुलूप त्यानेच बनवलेलं, कोंडायलाही त्यानेच सांगितलेलं. शर्यतीचा रविवार होता. "आज अड्ड्यावर दिसलात तर पोरीला घेऊन मी चालले," असं बायकोने बजावलं होतं, आणि ती बोललेलं करणारी बाई होती. सहाला शेवटचा घोडा पळाला की सुटका.

अडचण एकच. शहरातलं कुठलंही कुलूप तो केसांच्या पिनेने उघडायचा. हे तर त्याच्या हातचंच. दाराला आतूनही किल्लीचं भोक होतं आणि पलंगाखाली बायकोची पिन पडली होती.

पहिला तास त्याने पिनेकडे पाठ करून काढला. दुसऱ्या तासाला खिडकीखाली गलका झाला. डोकावला तर सगळी गल्ली जमलेली. मेहुणा पायरीवर उभा राहून पैजा घेत होता. जुगार सोड म्हणून रोज डोकं खाणारा मास्तर सगळ्यांत पुढे.

"काय चाललंय रे?"

"तुमचंच, भावोजी. सहाच्या आत बाहेर येणार म्हणणारे एकोणीस. नाही येणार म्हणणारा एकटा न्हावी, तोही दुपारपासून प्यायलेला. तुम्ही लावताय काही?"

कुलूपवाला मनात हिशेब मांडू लागला. आयुष्यभर लोकांच्या घोड्यांवर घर उधळलं. आज घोडा तो स्वतःच होता. पळायचं की थांबायचं, त्याच्याच हातात. न्हाव्याच्या बाजूने लावायचं आणि गप पडून राहायचं. हा कसला जुगार, ही तर हक्काची कमाई. मग त्याला आठवलं, दर रविवारी त्याला हेच वाटायचं.

त्याने पिन उचलली, खिडकीतून भिरकावली आणि खिडकी लावून घेतली. मग उशी दातांत धरून तो भिंतीशी बसला. बाहेर लोक त्याच्या नावाने ओरडत होते, शिव्या घालत होते, दार बडवत होते. तो हलला नाही.

सहाला किल्ली फिरली. दारात बायको. घामाने निथळत तो उठला. त्याचे डोळे भरून आले होते.

"नाही आलो बाहेर. पैजही नाही लावली."

बायको मटकन उंबऱ्यावरच बसली.

"जन्मात कधी शब्द पाळला नाहीत," ती म्हणाली, "म्हणून तर तुम्ही येणार यावर मी शिलाई मशीन लावलं होतं."