दाराशेजारचा ठसा

जुनी लाकडी केबिन जळून खाक झाली, तिथेच नवराबायकोने नवी बांधली. "लाकडाच्या रेषा दिसू देत, पण आगीला दाद न देणारं पॉलिश लावा," एवढंच त्यांनी बजावलं. पॉलिशवाल्याने पारदर्शक पॉलिशचे नमुने फळीच्या तुकड्यांवर लावून एकेकाला ज्योत दाखवली आणि सगळ्यांत उशिरा काळं पडलं ते निवडलं.

पहिला थर सुकला, तर दाराशेजारी, गुडघ्याच्या जरा वर, इवल्याशा हाताचा ठसा. त्याने तो घासून काढला. दुसऱ्या थरातही ठसा तिथेच. त्याचं डोकं फिरलं, कारण कुलूप तर रोज तो स्वतः लावून जायचा.

दोघं काम बघायला आले तेव्हा तो म्हणाला, "ताई, पोरांना आवरा जरा. ओल्या पॉलिशला हात लावतंय कोणीतरी. असू दे, घासतो आणि शेवटचा थर देतो."

"आमच्या घरात आता पोर नाही," नवरा म्हणाला. तिने मात्र त्या ठशावर आपला तळवा अलगद ठेवला.



"घासू नका, दादा. त्याच्यावरूनच थर द्या. या वेळी तिला धग लागायला नको."